ध्वनिलेखांचें शोधन आणि अदृश्य हरताळ

हस्तलिखित पोथ्या चाळणाऱ्यांस हरताळ परिचयाचा आहे. लेखकाच्या हातून अक्षर चुकलें किंवा शब्द दोनदां पडला, म्हणजे तो त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई, व लेप वाळल्यावर त्याच जागीं शुद्ध अक्षर लिही. जें गळलें तें काकपदाची खूण करून समासांत लिहावें, जें अधिक झालें त्यावर हरताळ द्यावा, अशी ही साधी रीत. आज दोन-तीनशें वर्षांनीं तें पान हातीं घेतलें तरी पिवळा डाग सांगतो कीं येथें कोणाचा तरी हात फिरला आहे. लेप झिजला असेल तर खालचें मूळ अक्षरहि क्वचित् वाचतां येतें. शोधन झालें, पण शोधनाचा पुरावा पानावरच राहिला. जुन्या तबकड्या व फिती यांचें शोधन आज ज्या रीतीनें होत आहे तिच्यांत असा डाग मागें रहात नाहीं. या गोष्टीकडे संग्राहकांचें लक्ष वेधावें एवढ्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

या विषयाकडे आम्ही वळलों त्यास एक घरगुती प्रसंग कारण झाला. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत एका कीर्तनकारबुवांच्या कीर्तनाच्या फिती होत्या. बुवा जाऊन पुष्कळ वर्षें झालीं होतीं व फितींना बुरशी येऊं लागली होती. तेव्हां घरच्या मंडळींनीं त्या एका व्यावसायिकाकडे देऊन त्यांची संगणकावर नक्कल करून घेतली, व ती नक्कल स्वच्छहि करून घेतली. हातीं आलेली नक्कल ऐकण्यास खरोखरच सुखकर होती. खरखर नाहीं, गुणगुण नाहीं, मधली टकटक नाहीं. मंडळींनीं समाधानानें मूळ फिती टाकून दिल्या. पुढें बुवांचे एक वृद्ध शिष्य तें कीर्तन ऐकावयास बसले. थोडा वेळ ऐकून त्यांनीं विचारिलें, "बुवांच्या हातांत चिपळ्या नाहींत काय?" पुन्हां लावून पाहिलें तों त्यांचें म्हणणें खरें. चिपळ्या जवळजवळ नाहींशा झाल्या होत्या. टकटक काढण्यास सांगितलेल्या यंत्रानें चिपळ्यांनाहि टकटकच ठरविलें होतें.

ही चूक कशी घडते हें समजण्यास आधीं त्या आवाजांची जात पाहिली पाहिजे. तबकडीवरील नको असलेल्या आवाजांत दोन मुख्य भेद आहेत: एक सतत चालणारी खरखर, दुसरी मधूनमधून उठणारी टकटक. खरखरीचें मूळ तबकडीच्या द्रव्यांतच आहे. जुन्या तबकड्या लाखेच्या असत, आणि जगाला ही लाख मुख्यतः हिंदुस्थानच पुरवी. लाखेंत पाटीच्या दगडाची किंवा तसल्याच खनिजाची पूड, काजळ व सुताचे तंतु मिसळीत. ही पूड केवळ भर घालण्यासाठीं नव्हती. पोलादी सुईचें टोंक तिच्यावर घासून चरीच्या आकाराचें व्हावें हाहि तिचा उपयोग होता. म्हणजे खरखर हा तबकडीचा रोग नसून प्रकृतिधर्म होय. टकटक मात्र अपघातानें येते. ओरखडा, तडा, धुळीचा कण, बुरशीनें पडलेला खळगा यांवरून सुई गेली कीं ती उठते. फितीवर ती यंत्र थांबविल्यानें किंवा चालू केल्यानें, जवळच्या विजेच्या बटणानें, वा जोड नीट न बसल्यानें उमटते. आणि संगणकावरील नकलेंत मधले कांहीं अंक गळाले तर तेथेंहि उमटते. एका टकटकीचें आयुष्य बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढें, फार तर त्याच्या थोड्या पटींचें. कसरीनें पाडलेलें छिद्रहि असेंच लहान असतें, पण तें नेमकें शकाच्या अंकावर पडलें म्हणजे काय होतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

फितींच्या काळांत ही टकटक ब्लेडनें काढीत. सेकंदाला 15 इंच वेगानें चालणाऱ्या फितीवर एका टकटकीची जागा अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी भरते. कारागीर फीत हातानें हळूहळू पुढेंमागें सरकवून ती जागा कानानें शोधी, तेवढा तुकडा तिरपा कापी व दोन टोंकें चिकटपट्टीनें जोडी. काम फार कष्टाचें, आणि प्रत्येक कापासरशी काळ किंचित् आंखूड होई. परंतु चिकटपट्टी फितीच्या पाठीवर रहात असे. ती त्या काळचा हरताळच म्हणावयाची.

पुढें आवाज अंकांत लिहितां येऊं लागला व कापण्याची गरज राहिली नाहीं. अमेरिकेंतील थॉमस स्टॉकहॅम यांनीं इटालियन गायक कारुसो याच्या तबकड्यांवर संगणकानें संस्कार केले व ते 1976 सालीं प्रसिद्ध झाले. मात्र त्यांचा मुख्य रोख टकटकीवर नसून मुद्रणाच्या कर्ण्यामुळें येणाऱ्या घुमाऱ्यावर होता. टकटकीचा प्रश्न इंग्लंडांत केंब्रिज येथें 1980 नंतरच्या दशकांत पद्धतशीरपणें हातीं घेतला गेला. तेथील गॉडसिल व रेनर यांनीं 1998 सालीं या विषयावर ग्रंथच लिहिला. त्यांतील मूळ कल्पना संपादकांस परकी वाटणार नाहीं. ध्वनीच्या बाजारी चकतीवर दर सेकंदास 44,100 अंक असतात. त्यांपैकीं टकटकीनें बिघडलेले चाळीस-पन्नास अंक टाकून द्यावयाचे, आणि अलीकडील व पलीकडील ध्वनीच्या चालीवरून मधले अंक काय असावेत याचा हिशेब करून ते भरावयाचे. फाटलेल्या ओळीचा आरंभ व शेवट पाहून मधलीं चार अक्षरें बसवावीं, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं संपादक तीं अक्षरें कंसांत घालतो.

याहून पुढची पायरी म्हणजे ध्वनीचें चित्र काढून त्या चित्रावरच शोधन करणें. या चित्रांत काळ डावीकडून उजवीकडे चालतो, सुराची उंची खालून वर वाढते, व आवाज जितका मोठा तितकी ती जागा उजळ दिसते. कोणताहि आवाज साध्या कंपनांच्या बेरजेनें मांडतां येतो हें जें गणित यामागें आहे त्याचें मूळ फूरिये याच्या उष्णतेवरील 1822 च्या ग्रंथांत आहे. असें चित्र काढणारें यंत्र अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तयार झालें व त्याचें वर्णन 1946 सालीं प्रसिद्ध झालें. पुढें 1965 सालीं कूली व टुकी यांनीं तो हिशेब झटपट करण्याची युक्ति प्रसिद्ध केली, म्हणून आज हें काम घरच्या संगणकावरहि होतें.

मोडी नुकती शिकलेल्यास पहिल्या दिवशीं सर्व ओळ एकच वाटते, तसें हें चित्र प्रथम पाहतांना होतें. दोन-चार दिवसांत डोळा सरावतो. गाणाऱ्याचा सूर एकावर एक अशा आडव्या, किंचित् लहरणाऱ्या रेघांनीं दिसतो. मींड असेल तर सगळ्या रेघा एकदम वळतात. विजेची गुणगुण तळाशीं सरळ आडव्या रेघेनें दिसते. टकटक मात्र उभी, केंसासारखी बारीक, तळापासून माथ्यापर्यंत गेलेली असते. कारण क्षणमात्र टिकणाऱ्या आघातांत सर्वच उंचीचीं कंपनें एकवटलेलीं असतात. शोधकानें तेवढी उभी रेघ निवडावी व ती फिकी करावी, किंवा शेजारच्या जागेवरून तेथें भरणी करावी. मैफलींत कोणी खोकला, खुर्ची करकरली, तर तेवढाच डाग उचलतां येतो व त्याखालून जाणारा सूर अखंड राहतो. हें ब्लेडनें कधींच साधलें नसतें. ज्यांनीं ही विद्या काढिली त्यांचे उपकार मानावे तितके थोडेच, आणि आमचा आक्षेप विद्येवर नाहीं.

आक्षेप आहे तो हा कीं टकटक म्हणून जें उभें दिसतें तें सर्वच टकटक नसतें. तबल्यावरील 'ना'चा आरंभ उभा दिसतो. सतारीच्या तारेवर नखी पडते तो क्षण उभा दिसतो. टाळी उभी, चिपळी उभी. आणि भाषेकडे वळलें तर क, ट, प या व्यंजनांचा स्फोटहि उभाच दिसतो. मराठी ऐकणाऱ्यास 'ताट' आणि 'ताठ' यांतील भेद त्या स्फोटाच्या आगेमागेंच सांपडतो. शोधन थोडें जास्त झालें कीं व्यंजनें बोथट होतात व बोलणारा कवळी न लावतां बोलतो आहे असें वाटूं लागतें. हळहळ दाखवितांना आपण जो 'च् च्' असा आवाज जिभेनें काढतों तो तर शुद्ध टकटकच आहे. आपल्याकडे तो अक्षर नाहीं. परंतु दक्षिण आफ्रिकेंतील झुलु व खोसा भाषांत अशा आवाजांचीं व्यंजनें आहेत. त्या भाषांच्या जुन्या ध्वनिलेखावर आमच्या त्या व्यावसायिकाचें यंत्र चालविलें तर भाषेंतील वर्णच पुसले जातील.

चित्राच्या जातींतहि एक खोंच आहे. काळ बारकाईनें दाखवूं गेलें तर सुराची उंची अंधुक होते. उंची बारकाईनें दाखवूं गेलें तर काळ पसरट होतो. ही मर्यादा यंत्राची नसून गणिताची आहे, व डेनिस गेबर यांनीं 1946 सालीं ती ध्वनीच्या संदर्भांत स्पष्ट मांडली. यास्तव एकच लेख निदान दोन प्रकारें काढलेल्या चित्रांत पाहिल्याशिवाय कोणतीहि रेघ पुसूं नये.

इथवर झाली ती मूळ आवाज चुकून जाण्याची गोष्ट. पण खरोखरीची टकटकहि निरुपयोगी नसते, आणि पुराणवस्तूंच्या संग्राहकांस याचेंच महत्त्व अधिक वाटावें. तबकडीला तडा गेलेला असला म्हणजे दर फेऱ्यास एकदां टकटक होते. मिनिटास 78 फेरे असतील तर दोन टकटकींत 0.77 सेकंदाचें अंतर पडतें. आतां एखाद्या संग्रहांत नुसतीच फीत आहे, ती कशावरून उतरली हें कोणास ठाऊक नाहीं, अशी कल्पना करा. तींत ठराविक अंतरानें टकटक ऐकूं आली तर ती फीत तबकडीवरून उतरलेली आहे हें तर कळतेंच. शिवाय तें अंतर 0.80 सेकंद भरलें तर आज ती मिनिटास 75 फेऱ्यांच्या गतीनें ऐकूं येत आहे हेंहि कळतें. 75 आणि 78 यांतील फरकानें सूर अर्धस्वराच्या सुमारें दोनतृतीयांश इतका चढतो वा उतरतो. गवयाची पट्टी कोणती यावर वाद घालणाऱ्यांनीं ही टकटक आधीं मोजावी. (मूळ मुद्रण कोणत्या गतीनें झालें हा प्रश्न निराळा, त्यास दुसरे पुरावे लागतात, कारण आरंभींच्या सर्व तबकड्या 78 च्या गतीच्या नव्हत्या.)

जें गाणें नव्हे तें काढावें असा नियम केला तर काय जाईल याचें आणखी एक उदाहरण द्यावेंसें वाटतें. नोव्हेंबर 1902 मध्यें ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्ग यांनीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें मुद्रित केलें. तिच्या तबकड्यांच्या शेवटीं ती इंग्रजींत आपलें नांव सांगते. मुद्रणाचीं मेणें जर्मनींत हॅनोव्हर येथें जात, तेथील कारागिरांस कोणतें मेण कोणाचें हें समजावें हा त्याचा हेतु. पोथीच्या अखेरीस लेखकाची पुष्पिका असते ती हीच. गाणें संपल्यावर कांहींतरी बोलणें आहे म्हणून तें कापणाऱ्यास आम्ही पुष्पिका फाडणाऱ्याच्या पंक्तीस बसवूं.

टकटकीनें राज्यकारभाराच्या वादांतहि साक्ष दिली आहे. 20 जून 1972 रोजीं अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन व त्यांचे सहायक हॅल्डमन यांचें जें संभाषण झालें त्याच्या फितींत सुमारें साडेअठरा मिनिटें एक शब्द नाहीं. नुसती गुणगुण व मधूनमधून टकटक. न्यायालयाच्या साहाय्यास नेमलेल्या सहा तज्ज्ञांनीं 1974 सालीं अहवाल दिला कीं मूळ मुद्रण पुसून त्यावर ही गुणगुण चढलेली आहे, हें उहर 5000 जातीच्या यंत्रावर झालें, आणि एका दमांत नव्हे तर निदान पांच वेळां यंत्राच्या कळा दाबून झालें. यंत्र चालू करतांना व थांबवितांना फितीवर ज्या सूक्ष्म खुणा उमटतात त्यांच्या परीक्षेवर हा निर्णय उभा होता. ऐकणाऱ्याच्या कानाला त्या खुणा म्हणजे केवळ टकटक. कोणी आधींच ती फीत स्वच्छ केली असती तर अहवाल लिहावयास कांहीं उरलें नसतें. योगायोग असा कीं या सहांत वर उल्लेखिलेले स्टॉकहॅम हेहि होते; एकाच गृहस्थानें आवाज शुद्ध करण्याचेंहि काम केलें व अशुद्धाची साक्ष काढण्याचेंहि केलें.

आपल्याकडे पुण्यांत 2012 सालीं लोकमान्य टिळकांचा 1915 च्या गणेशोत्सवांतील आवाज म्हणून एक ध्वनिलेख पुढें आला. त्याच्या खरेपणाचा निकाल येथें देण्याचा आमचा हेतु नाहीं व अधिकारहि नाहीं. इतकेंच सांगतों कीं 1925 पूर्वीं तबकड्यांचें मुद्रण विजेच्या साहाय्यावांचून, केवळ कर्ण्यांतून होत असे, आणि तसल्या मुद्रणाची खरखर, त्यांतील सुरांचा आंखूड पल्ला, चरीचे दोष हींच काळनिर्णयाचीं साधनें आहेत. असल्या लेखाची परीक्षा ज्यास करावयाची त्यास स्वच्छ केलेली नक्कल कागदाचा वास गेलेल्या छायाचित्राइतकीच उपयोगी पडेल.

नको वाटणारी रेघच कशी किल्ली ठरते याचा सर्वांत बोधक दाखला पॅरिसचा आहे. एदुआर-लेऑं स्कॉट द मार्तिन्व्हील हा काजळी धरलेल्या कागदावर ध्वनीच्या लहरी उमटवीत असे. एडिसनच्या 1877 च्या यंत्राच्याहि आधींची ही गोष्ट. त्या लहरी पुन्हां वाजविण्याची सोय तेव्हां नव्हती. 9 एप्रिल 1860 च्या त्याच्या एका कागदावरून अमेरिकन संशोधकांनीं 2008 सालीं आवाज काढला व सर्वांस वाटलें कीं एक मुलगी गात आहे. स्कॉटनें सुराच्या शेजारीं काळ मोजण्यासाठीं कंपनकाट्याची एक नागमोडी रेघ ओढली होती. तिची गति वाचण्यांत दुपटीची चूक झाली होती. ती ध्यानांत आल्यावर 2009 सालीं गति निमपट केली, तेव्हां गाणारा पुरुष निघाला, व तो बहुधा स्कॉट स्वतःच असावा असें मानतात. ती रेघ गाणें नव्हे. पण ती कोणी पुसली असती तर ही चूक कधींच सुधारली नसती.

मग करावें काय? भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें 1919 सालीं आरंभिलेली व 1966 सालीं पुरी झालेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति आमच्या वाचकांपुढें आहेच. तींत जो पाठ स्वीकारला पण ज्याविषयीं संपादकांची पुरी खात्री नव्हती त्याखालीं नागमोडी रेघ दिली आहे, आणि गाळलेले श्लोक टाकून न देतां तळटीपांत व परिशिष्टांत छापले आहेत. ध्वनिशोधकांकडून आम्ही याहून अधिक मागत नाहीं. मूळ तबकडी वा फीत जपावी. तिची पहिली नक्कल जशीच्या तशी, खरखरीसह, दर सेकंदास निदान 48,000 व साधेल तर 96,000 अंकांनीं घ्यावी. अंक जास्त असले कीं टकटकीचीं उंच कंपनेंहि नोंदलीं जातात व ती चिपळीहून वेगळी ओळखणें सोपें जातें. शोधन करावयाचें तें दुसऱ्या नकलेवर. आणि कोणत्या मिनिटास, कोणत्या सेकंदास काय पुसलें व काय भरलें याची यादी तिच्याबरोबर ठेवावी. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचेंहि सांगणें आहे कीं जपणुकीची नक्कल असंस्कारित असावी. यादी ठेवण्यास वेळ लागतो ही तक्रार आम्हीं ऐकली आहे. पाठभेद नोंदण्यासहि वेळ लागतो.

आतां त्या कीर्तनाविषयीं. मूळ फिती गेल्या त्या गेल्याच. परंतु त्यांतील एका फितीची जुनी नक्कल दुसऱ्या गांवीं बुवांच्या कन्येच्या घरीं सांपडली. ती उतरवून आम्हीं तिचें चित्र काढिलें. चिपळ्या आहेत, चांगल्या ठसठशीत आहेत, व शिष्यांनीं त्या ऐकून समाधान मानिलें. चित्राच्या तळाशीं मात्र गुणगुणीच्या एकीस लागून एक अशा दोन रेघा दिसल्या: एक नक्कल करतांना चढलेली, अथपासून इतिपर्यंत अखंड, दुसरी मूळ मुद्रणाची. पूर्वरंग संपतो तेथें एक उभी टकटक आहे, आणि नेमकी तेथेंच ही दुसरी रेघ तुटते व किंचित् सरकून पुन्हां सुरू होते. म्हणजे मूळ मुद्रणाचें यंत्र तेथें थांबविलें होतें. एवढ्यावरून कांहीं ठरत नाहीं; यंत्र विसाव्यापुरतें थांबविलें असेल. म्हणून पेटीकडे पाहिलें. पूर्वरंगांतील पेटीचा पंचम तिच्याच षड्जाच्या मानानें स्पष्ट उतरलेला आहे. उत्तररंगांत तोच पंचम नीट आहे. फितीची गति कमीजास्त झाली तरी एकाच पेटीच्या दोन सुरांतील प्रमाण बदलत नाहीं. तेव्हां पेटी तरी दुसरी असली पाहिजे, किंवा दिवस तरी. स्वच्छ केलेल्या नकलेंत ती टकटक नाहीं, गुणगुण नाहीं, आणि सांधा इतका बेमालूम आहे कीं पेटीकडे लक्ष जाण्याचें कारणच उरलें नव्हतें. घरची मंडळी तें एका रात्रीचें कीर्तन समजत आलीं. कन्येच्या घरच्या फितीच्या डब्यावर शाईनें दोन तिथि लिहिलेल्या आहेत. त्यांतील दुसरी नक्कल केल्याची असावी असें आम्हीं तोंवर धरिलें होतें.